फुमीकाकीचा बर्फ

गेल्या आठवड्यापासून सावरीचा कापूस उडायला लागला आहे. मुलुंडच्या पश्चिमेला, कॉलनीतले रस्ते संपून डोंगर सुरू होतो तिथे, काटेसावरीची बरीच झाडं आहेत. ती लाल फुलांनी भरतात तेव्हा सगळे फोटो काढतात. पुढे बोंडं तडकतात तेव्हा मात्र कोणी वर बघत नाही. कापूस गाड्यांच्या काचांवर बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटतो, डोळ्यात जातो आणि लोक वैतागतात. काल आमचा वॉचमन तो झाडूने गोळा करत होता. झाडू जवळ नेला की कापूस पुढे पळायचा. मला गोरेगावला स्टुडिओत पोचायचं होतं, उशीर झाला होता, तरी मी गेटपाशी उभी राहून बघत बसले. एका उन्हाळ्यापासून मला ही खोड लागली आहे. हवेत काही तरंगताना दिसलं की ते जमिनीला टेकेपर्यंत पाय हलत नाहीत.

त्या उन्हाळ्यात माझी बी.कॉम.ची शेवटची परीक्षा संपली होती. मैत्रिणी बँकेच्या परीक्षांच्या क्लासला लागल्या. मी घरी सांगितलं की मला ॲनिमेशन शिकायचं आहे आणि जपानीही. बाबांनी पेपर खाली ठेवून विचारलं, ह्यातलं नक्की कुठलं? मी म्हटलं, दोन्ही. का, ते मला धड सांगता आलं नाही. लहानपणी शाळेतून आल्यावर टीव्हीवर हिंदीत बोलणारी जपानी कार्टून लागायची. त्यात हिंदी वाक्य संपून जायचं आणि त्या मुलाचे ओठ मात्र हलतच राहायचे. उरलेल्या त्या क्षणात तो काय बोलला, हा विचार मला छळायचा. आईला विचारलं तर ती म्हणायची, काही नाही गं, चित्रच आहे ते. चित्र असून ते बोलत होतं, आणि मला न कळणारं काहीतरी बोलत होतं. एवढंच माझं कारण. विशीतल्या मुलीने हे बापाला कसं सांगायचं? बाबा म्हणाले, वर्षभर बघ, मग आपण बोलू.

ॲनिमेशन शिकायचं म्हणजे आधी चेंडू उडवायचा. सगळीकडे हाच पहिला धडा असतो. एका सेकंदासाठी बारा चित्रं काढायची. नवं चित्र काढताना आधीचं चित्र खाली फिकट दिसत राहतं, त्यावरून पुढचं ठरवायचं. माझा चेंडू कितीतरी दिवस दगडासारखा पडत होता. मग कुठल्यातरी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे, जमिनीला टेकतो त्या एका चित्रात मी तो जरासा चपटा केला, वर जाताना जरासा लांबट केला, आणि प्ले दाबलं. चेंडू जिवंत झाला. मी आईला हाक मारली. ती कणकेच्या हातांनीच आली, वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "रबराचा आहे गं हा."

रबर कुठून आलं? मी फक्त वर्तुळं काढली होती. आज मी हेच काम पगारावर करते, दिवसभर करते, पण त्या वाक्याने अंगावर आलेला काटा मला अजून आठवतो.

जपानीचा प्रश्न आईनेच सोडवला. म्हणाली, शिकायचंच असेल तर मागच्या बिल्डिंगमधल्या परबकाकींकडे जा, त्या तिकडच्याच आहेत. मी चकित झाले. परबकाकींना मी जन्मापासून बघत होते. बुटक्याशा, पांढरे केस मागे बांधलेल्या, सुती साडी नेसणाऱ्या. कोळणीशी मालवणीत हुज्जत घालायच्या, आणि त्यांनी बांगड्याचा कल्ला उचलून बघितला की कोळीण आपणहून चांगले बांगडे पुढे करायची. गल्लीतली मुलं समजायची त्या नेपाळच्या. मीही तेच समजत होते. माझ्या घराच्या मागच्या खिडकीतून ज्यांची तुळशीची कुंडी दिसते, त्या बाई जपानच्या होत्या.

त्यांचं नाव फुमिको. नवरा मालवणचा, बोटीवर फिटर. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात त्याची बोट दुरुस्तीला बराच काळ अडकून पडली, आणि गोदीजवळच्या खानावळीत काम करणाऱ्या फुमिकोशी त्याचं जुळलं. लग्न करून ती जी आली ती मुलुंडला, सासूच्या हाताखाली. सासूला मालवणीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. जपानी माणसाला ल जमत नाही, ळ तर त्याच्या स्वप्नातही नसतो. सासूने तिला समोर बसवून "नारळ" म्हणायला लावलं, आणि ळ नीट येईपर्यंत रोज लावलं. आता सासू नाही, परबकाका नाहीत, मुलगा बंगळुरूला. काकींचा ळ मात्र माझ्यापेक्षा खणखणीत आहे.

मी गेले तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं, "माका शिकवूक येणा नाय. बोलूक येता. तां पण बघूक व्हयां."

सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणू का, असं विचारलं तर नको म्हणाल्या. सगळे फुमीकाकी म्हणतात, तूही म्हण.

दुपारी तीनच्या सुमाराला मी जायची. पंखा, कोकम सरबत, बाल्कनीत वाळत घातलेले पापड आणि मधे उघडलेलं माझं पुस्तक. जुलैत परीक्षा होती, सगळ्यात खालच्या पायरीची. मला वाटलं होतं की जपानी म्हणजे चंद्रावरची भाषा असेल. पहिल्याच दिवशी काकींनी वाक्य म्हटलं, "वाताशि वा मिझु ओ नोमिमासु." मी, पाणी, पिते. त्याच क्रमाने, क्रियापद शेवटी, जसं आपण बोलतो तसंच. मग त्या पदराने मान पुसत म्हणाल्या, "अत्सुइ ने." उकडतंय ना! त्यांचा तो ने आणि आपला ना, दोन्ही वाक्याच्या शेवटी येऊन समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतात. मी हसायलाच लागले. काकींनाही ते इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा म्हणून बघत होत्या, अत्सुइ ने, उकडता मा, उकडतंय ना.

पण काकींचं जपानी वाळून गेलं होतं. त्या एखादं वाक्य सुरू करायच्या आणि मधेच थांबायच्या. एकदा स्वयंपाकघरात पिठाची चाळणी हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. चाळणीला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते आठवेना. मालवणीत आठवत होतं, मराठीत, हिंदीत आठवत होतं. त्यांनी चाळणी उन्हाकडे धरली, आरपार बघितलं, आणि जागेवर ठेवली. त्या दिवशी शिकवणी झाली नाही.

कारण मला मागाहून कळलं. जपानात त्यांची थोरली बहीण होती. दोघीच बहिणी. फुमिको परक्या माणसाशी लग्न करून निघाली तेव्हा थोरली बंदरावर आली नाही. मुलुंडहून काकींनी सुरुवातीला फोन करून बघितले. एकदा बहिणीने उचलला, आवाज ओळखला आणि ठेवून दिला. त्यानंतर सगळं शांत. आणि आता, त्या वसंतात, बहिणीच्या मुलीने इंटरनेटवर शोधून काकींच्या मुलाला गाठलं होतं. थोरलीला झटका येऊन गेला होता, ती वृद्धांच्या एका घरात होती, फारसं बोलत नव्हती. पण मधेच फुमी म्हणायची. भाचीची विनंती होती की एकदा व्हिडिओवर या.

काकी महिनाभर टाळत होत्या. कसल्या तोंडाने बोलू, असं त्या म्हणायच्या, आणि मला वाटायचं की जुन्या भांडणाबद्दल म्हणताहेत. त्या भाषेबद्दलही म्हणत होत्या. बहिणीसमोर बसायचं आणि चाळणीच्या वेळेसारखं थांबायचं, ही भीती होती.

इकडे माझा चेंडू उडून झाला होता, एक माणूस लंगडत का होईना चालायला लागला होता. पुढचा अभ्यास होता पाऊस किंवा बर्फ. पाऊस काय, खिडकीबाहेर चार महिने असतो. मी बर्फ घेतला. आमच्या भाषेत बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, नाहीतर पापलेटाच्या टोपलीतला. आकाशातून पडणारा मी कधी बघितला नव्हता. व्हिडिओ बघून मी पांढरे ठिपके खाली सोडले आणि लॅपटॉप काकींकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, दोनदा बघितलं.

"ह्यो पाऊस," त्या म्हणाल्या. "पांढरो पाऊस."

मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेऊन बर्फाचं चिन्ह काढून दाखवलं. वर पावसाचं चिन्ह, खाली हातासारखं काहीतरी. शाळेत त्यांच्या बाईंनी सांगितलं होतं की हातात धरता येतो तो पाऊस म्हणजे बर्फ. आणि माझं मनगट धरून त्या मला बाल्कनीत घेऊन गेल्या. बाहेर वैशाखातलं पांढरं ऊन, डोंगर धुरकट, एक पान हलत नव्हतं, आणि त्या स्तब्ध हवेत सावरीचा कापूस उतरत होता. एक पुंजका आमच्या समोरून गेला. थांबला, डावीकडे वळला, विचार केल्यासारखा जरा रेंगाळला, मग खालच्या मजल्याकडे निघाला. जन्मभर मी हे बघत आले होते आणि कधीही बघितलं नव्हतं.

"हळू बघ," काकी म्हणाल्या. "बर्फाक घाय नसता."

त्या दिवसापासून आमची शिकवणी बाल्कनीत व्हायला लागली. मी कापूस बघून चित्रं काढायची. जवळचा पुंजका मोठा आणि संथ, लांबचे बारीक, आणि कुठलेही दोन एका वाटेने जाणार नाहीत. काकी शेजारी बसून सांगायच्या की मोठ्या पाकळ्यांसारखा पडतो त्याला बोतान-युकि म्हणायचं, पिठासारखा पडतो तो कोना-युकि. बर्फासाठी घर लागलं, म्हणून मी त्यांना त्यांच्या घराचं अंगण विचारलं. झाड कुठे होतं? कसलं? पाइनचं. त्याच्या फांद्या बर्फाच्या वजनाने मोडू नयेत म्हणून मधे खांब रोवून त्या वरून दोऱ्यांनी बांधायच्या, दोऱ्या छत्रीच्या काड्यांसारख्या. छप्पर कसं होतं? बर्फ घसरून पडायचा तेव्हा आवाज कसा यायचा? "दोसा," काकी म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या. तो शब्द त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत निघाला नव्हता.

आणि मग एकामागून एक शब्द यायला लागले. मी पायरी काढली की पायरीचा शब्द. फावडं काढलं की फावड्याचा. मी चुकीचा दरवाजा काढला तर त्या घाईघाईने जपानीतच मला थांबवायच्या, अख्खं वाक्य, मधे न अडखळता, आणि मला निम्मं कळायचं नाही. एका संध्याकाळी भांडी घासताना त्यांनी आतून ओरडून सांगितलं, "फुरुइ!" चाळणी. मी हातातलं पेन खाली ठेवलं. मी वर्तुळं काढली आणि त्यातून रबर आलं होतं; आता मी अंगण काढत होते आणि एका बाईची भाषा परत येत होती. मी फक्त जास्त काळजीने काढायला लागले.

मी चित्राला वाऱ्याचा हलका आवाज जोडला होता. काकींनी तो काढायला लावला. बर्फ पडतो तेव्हा आवाज नसतो, गाव कापसात गुंडाळल्यासारखं होतं. मी म्हटलं, मग आवाज कसा दाखवू? त्या म्हणाल्या, आहे ना आवाज. शिन-शिन. म्हणजे कशाचाही आवाज येत नाही तेव्हा जो येतो तो. आपल्याकडे रिमझिम आहे, भुरभुर आहे, सळसळ आहे. मराठीत आल्यावर काकींना सगळ्यात आधी हेच शब्द आवडले होते, कारण ते त्यांना माहेरच्या शब्दांसारखे वाटले. पण शांततेचा आवाज सांगणारा शब्द कोणाला सुचला असेल? किती पिढ्या लोक बर्फात कान देऊन उभे राहिले असतील?

अंगणात मी दोन मुली काढल्या होत्या. काकींनीच सांगितलं होतं, सकाळी उठून दोघी बहिणी फाटकापर्यंतची वाट मोकळी करायच्या. थोरली फावडं मारायची, धाकटी मागून पायाने बर्फ दाबत चालायची. मुलींचं चालणं जमायला मला सगळ्यात जास्त त्रास झाला. ते जमलं तेव्हा काकींनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं.

"एकच ठेव," त्या म्हणाल्या. "थोरली."

धाकटी?

"ती गेली मा."

मी वाद घातला नाही. कॉम्प्युटरवर प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर काढलेली असते. एकेका पारदर्शक कागदावर काढून ते एकावर एक ठेवावेत तशी. प्रत्येक थराच्या बाजूला एक छोटा डोळा काढलेला असतो. तो मिटला की थर दिसेनासा होतो, पुसला जात नाही. मी धाकटीचा डोळा मिटला.

शेवटी एका रविवारी दुपारी काकी तयार झाल्या. तिकडे संध्याकाळ होती. काकींनी लग्नातली जुनी रेशमी साडी नेसली होती आणि मला आपल्या शेजारी बसवून ठेवलं होतं, कारण बटणं मला कळायची. आधी भाची दिसली, वाकून वाकून बोलणारी. मग तिने टॅबलेट वळवला. खुर्चीत एक म्हातारी बाई होती. चेहरा काकींचाच, फक्त एका बाजूने खाली उतरलेला. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. काकींनी "नेएसान" म्हटलं, ताई. ताईने बघितलं, पण चेहरा हलला नाही. काकींनी ठरवून, घोकून ठेवलेली वाक्यं म्हटली. कशी आहेस. खूप वर्षं झाली. माफ कर. भाची मधूनमधून मोठ्याने तीच वाक्यं ताईच्या कानात सांगत होती. काही उपयोग होत नव्हता. काकींचा आवाज बारीक होत गेला, मग थांबला. काकींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मी, दुसरं काही सुचेना म्हणून, तिकडेही दिसेल असं अंगणाचं चित्र लावलं.

बर्फ पडायला लागला. दोऱ्या बांधलेलं पाइन, छप्पर, फाटक. थोरली फावडं घेऊन निघाली. ताईची मान हळूहळू पुढे आली. ती शेवटपर्यंत बघत राहिली. भाचीने तिच्या तोंडाजवळ कान नेला, पण गरज पडली नाही. ताई स्वतःच बोलली. जड जिभेने, पण स्पष्ट.

"मोओ हितोरि वा?"

पुस्तकाबाहेरचं, मनातल्या मनात भाषांतर न करता थेट कळलेलं ते माझं पहिलं जपानी वाक्य. ताई विचारत होती, आणि दुसरी?

मला तो छोटा डोळा लवकर सापडेना. सापडला. मी तो उघडला आणि चित्र पुन्हा सुरू केलं. बर्फ पडायला लागला, थोरली निघाली, आणि तिच्या मागून धाकटी, पायाने बर्फ दाबत, जराशी घसरत. ताईच्या चेहऱ्याची चांगली असलेली बाजू हलली.

"मी हंय आसंय," काकी म्हणाल्या. मग भान येऊन तेच, मी इथे आहे, जपानीत, "कोको. कोको नि इरु."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. दोघी बोलत होत्या, म्हणजे काकी बोलत होत्या आणि पलीकडून मधेच एखादा शब्द यायचा. त्यांच्या गावाकडचं जपानी होतं, माझ्या पुस्तकात नसलेलं. मला काही कळत नव्हतं आणि मला कळायला नकोच होतं. मी ओट्याला टेकून नुसता त्यांच्या बोलण्याचा सूर ऐकत राहिले. काकींना इतक्या भरभर बोलताना मी कोळणीसमोर सोडून कुठेच बघितलं नव्हतं.

जुलैत मी परीक्षा दिली. पास झाले, फार शेखी मिरवण्यासारखे मार्क नाहीत. ऐकण्याच्या भागात माझी वाट लागली. बाबांना ते चित्र दाखवलं. नंतर ऑफिसातल्या एकाला फोनवर सांगताना मी ऐकलं, मुलगी ॲनिमेशन करते, जपानीत. म्हणजे नक्की काय ते त्यांना सांगता येत नव्हतं, तरी आवाजात तक्रार नव्हती.

त्या थंडीत मुलाने काकींना जपानला नेलं. महिनाभरासाठी. एका दुपारी मी घरी पायांच्या हालचाली काढण्याचा सराव करत होते, तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. काकी स्वेटर, मफलर, टोपी, त्यावर शाल, अशा कुठल्यातरी अंगणात उभ्या होत्या. शेजारी चाकाच्या खुर्चीत पांघरुणात गुंडाळलेली ताई. आणि दोघींच्या अंगावर, खऱ्याखुऱ्या आकाशातून, बर्फ पडत होता. मी बघतच राहिले. मी कापसावरून काढलेला बर्फ बराचसा बरोबर होता. एकच मला माहीत नव्हतं. त्यातले काही कण वर जात होते. खाली येता येता कसल्याशा झुळकेने उचलले जाऊन परत वर, आले त्या दिशेने.

काकी मात्र तक्रार करत होत्या, भडाभडा, मालवणीत. माझां नाक बधिर झालां, हंय मासो बरो गावता पण कोकमाची सोलां नाय, आणि तू जेवलंस काय. ताई मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने हळूच विचारलं, "दोको नो कोतोबा?" कुठली भाषा ही?

काकी थांबल्या. चाळणी हातात घेऊन थांबल्या होत्या तशा नाही. शब्द त्यांच्याकडे होता. टोपीवरचा बर्फ झटकत, बहिणीकडे वळून त्या म्हणाल्या, "उचि नो."

उचि म्हणजे घर. आमच्या घरची.

ताईने मान हलवली, जणू हे तिला कधीचंच माहीत होतं, आणि धाकटीच्या मफलरचं सुटलेलं टोक आपल्या चांगल्या हाताने आत खोचून दिलं.